कढई अजून उपडी झालेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन रविवारांपूर्वी आपल्या वाचकपत्रांत एका भगिनींचं पत्र आलं होतं. पुस्तक प्रदर्शनात त्यांच्या मुलानं चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक उचललं. ए टू झेड २६ मुलं, आणि २६च्या २६ मरतात. ते बघून आपल्या हाताला कापरं भरलं, असं त्यांनी लिहिलंय. पत्राच्या शेवटी विचारलंय की असल्या चित्रांवर हसणारी माणसं आहेत तरी कोण. कोणीतरी उत्तर देईल म्हणून दोन आठवडे वाट पाहिली. कोणी दिलं नाही. तेव्हा हसणाऱ्यांपैकी एक म्हणून मीच हात वर करतो. वय ७६, राहणार शुक्रवार पेठ, व्यवसाय ब्लॉकमेकर. म्हणजे होता. आता तो धंदाच उरला नाही.

कॉम्प्युटरनंतर जन्मलेल्यांसाठी थोडं सांगतो. पूर्वी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून मजकूर छापत, पण चित्राला खिळा कुठून आणणार? म्हणून चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, रेघा सोडून बाकीचं जस्त नायट्रिक ॲसिडला खाऊ द्यायचं, आणि उठून आलेला पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. हा ब्लॉक. हिशेब चौरस इंचावर. नुसत्या रेघांचं चित्र असलं तर लाइन ब्लॉक. फोटो असला, किंवा ब्रशनं करड्या छटा दिलेलं चित्र असलं, तर मध्ये काचेची जाळी घालून ठिपक्याठिपक्यांचा हाफटोन. वर्तमानपत्राच्या कागदाला ६५ची जाळी, म्हणजे इंचाला ६५ रेघा, आर्ट पेपरला १२०ची. १९६७ पासून २२ वर्षं मी हेच केलं. ॲसिडनं बोटं कायम पिवळी. लग्नात ह्याला हळद वेगळी लावायची गरज नव्हती, असं माझा मेहुणा अजून सांगतो.

आता मरणाकडे येतो. आमच्या दुकानात ते रोज संध्याकाळी यायचं. निधनाच्या जाहिरातीत फोटो हवा असेल तर सहाच्या आत ब्लॉक व्हायला हवा, म्हणून घरचे लोक स्मशानातून आंघोळ करून ओल्या केसांनी थेट आमच्याकडे. फोटो बहुतेकांकडे नसायचाच. ज्या माणसानं जन्मात एकट्यानं फोटो काढून घेतला नाही, त्याचा चेहरा कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून उचलावा लागे. त्या चेहऱ्याच्या खांद्यावर कोणाचा तरी हात असे. तो हात बारीक ब्रशनं बुजवायचं काम आमच्या रिटचरचं. एकदा घाईत एका आजोबांच्या खांद्यावरचा हात राहून गेला आणि तसाच छापून आला. चारच दिवसांनी त्यांचा मुलगा दुकानात हजर. आम्ही माफी मागायच्या तयारीत. तो म्हणाला, "तो हात आमच्या मामांचा आहे. मामा काल रात्री गेले. त्यांचाही फोटो ह्याच ग्रुपमधून काढायचाय. आता त्यांचा हात त्यांना परत द्या." हे बोलताना त्याचा चेहरा कोरा होता. मग आमचा रिटचर खाली बघून हसायला लागला, आणि मग तो मुलगाही.

आणखी एक प्रसंग. दोन भाऊ आणि थोरल्याची बायको. वडिलांचा फोटो सिंगल कॉलम घ्यायचा की डबल, यावर काउंटरवरच जुंपली. थोरला डबल म्हणत होता, धाकटा खर्च मोजत होता. सून म्हणाली, "अहो, शेवटी शेवटी वाळून किती राहिले होते मामंजी, सिंगलमध्ये मावतील." दोघं भाऊ गप्प झाले आणि मग फिस्सकन हसले. ती मात्र पुढच्याच क्षणी काउंटरवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. त्या म्हाताऱ्याचं वर्षभर अंथरुणात सगळं तिनं केलं होतं, हे नंतर कळलं.

त्या भगिनींचा प्रश्न आहे, कोण हसतं? तर ही माणसं हसतात.

पण पत्र चित्रांच्या पुस्तकांबद्दल आहे, तेव्हा तिकडे वळतो. १९७१चा श्रावण. दिवाळी अंकाचे एक संपादक दुकानात आले (अंकाचं नाव सांगत नाही, ते वारले, अंकही वारला). हातात कव्हर फाटलेलं एक जाड अमेरिकन पुस्तक, चार्ल्स ॲडम्स यांच्या व्यंगचित्रांचं. त्यातल्या आठ-दहा चित्रांचे थेट ब्लॉक करायचे, खाली मराठीत काहीतरी लिहायचं आणि चित्रकाराचं नाव गाळायचं, असा बेत. सरळसरळ चोरी होती. मालकांनी ऑर्डर घेतली, काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मी ते केलं. पन्नासाहून जास्त वर्षांनी कबूल करतो.

ॲडम्स ब्रशनं काम करायचे. शाईच्या पातळ करड्या छटा, एकावर एक. पुस्तकात ते आधीच ठिपक्यांत छापलेलं. ठिपक्यांच्या चित्राचा पुन्हा जाळीतून फोटो घेतला की दोन जाळ्या एकमेकींशी भांडतात आणि चित्रभर लुगड्याच्या चौकड्यासारखी नक्षी उठते. उपाय एकच. जाळीचा कोन किंचित फिरवायचा, बघायचं, पुन्हा फिरवायचा. दोन रात्री मी तेच करत होतो. शिवाय प्रोसेस कॅमेऱ्याच्या काचेवर चित्र उलटं दिसतं, खाली डोकं वर पाय. त्यामुळे पहिल्या रात्री मला दिसत होता फक्त बर्फ, एक झाड आणि दोन रेघा. बर्फ मी तोवर फक्त उसाच्या गुऱ्हाळात पाहिलेला. लाकडी पट्ट्या पायांना बांधून बर्फावरून घसरायचा खेळ असतो, हेसुद्धा माहीत नव्हतं. रात्री एकच्या सुमाराला मान वाकडी करून ते चित्र सुलटं पाहिलं. उतारावरून दोन समांतर रेघा झाडापर्यंत येतात. झाडाशी त्या फाकतात. एक पट्टी झाडाच्या ह्या बाजूनं गेली आहे, एक त्या बाजूनं. झाडाच्या खाली दोन्ही रेघा पुन्हा जवळ येतात आणि घसरणारी व्यक्ती पुढे निवांत चालली आहे. दुसरा एक जण थांबून मागे वळून पाहतोय. चित्राखाली एक अक्षरही नाही.

रिकाम्या दुकानात, आर्क लॅम्पच्या उजेडात, मी एकटाच मोठ्यानं हसलो. गुरखा बघायला आला. त्याला चित्र दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ये आदमी मर गया क्या?" याहून चांगली समीक्षा मी अजून वाचलेली नाही.

ते चित्र 'न्यूयॉर्कर' ह्या अमेरिकन साप्ताहिकात १३ जानेवारी १९४०ला आलं होतं, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. त्याच पुस्तकातलं दुसरं चित्र ॲडम्स यांच्या त्या प्रसिद्ध भुताळी कुटुंबाचं, १९४६च्या डिसेंबरमधलं. नाताळात घरोघर गाणी म्हणत फिरणारी मंडळी एका पडक्या वाड्याच्या दारात उभी आहेत. आपल्या वाचकांनी गणपतीची वर्गणी मागायला आलेली मुलं डोळ्यांपुढे आणावीत, म्हणजे भाव लवकर पोचेल. वर गच्चीत ते कुटुंब, आणि त्यांच्या हातात उकळत्या द्रवानं भरलेली भली मोठी कढई, कठड्यावरून कललेली. पुन्हा एक अक्षर नाही.

आता नीट बघा. कढई कलली आहे, उपडी झालेली नाही. चित्रात कोणालाही चटका बसलेला नाही. गाणारे गातायत. ओततं कोण? बघणारा ओततो. कागदावर फक्त आधीचा क्षण आहे, पुढचा क्षण आपण आपल्या डोक्यात घडवतो, तोही अर्ध्या सेकंदात आणि मोठ्या हौसेनं. मग आपणच दचकतो, आणि पकडले गेलो म्हणून हसतो. बर्फाच्या चित्रात उलट आहे. तिथे घडून गेलंय आणि कसं घडलं ते आपल्याला जुळवता येत नाही. दोन्हीकडे मधला क्षण चित्रकारानं काढलेलाच नाही. मला ह्या पुस्तकांची ओढ लागली ती इथे. बाकी विनोद ऐकताना मी बाकावर बसलेला श्रोता असतो. इथे चित्रकार हात धरून मला गच्चीवर नेतो आणि कढईची एक कडी माझ्या हातात देतो.

ॲडम्स माझ्याच धंद्यातले निघाले, हे कळलं तेव्हा मला कोण आनंद झाला. १९३३च्या सुमाराला ते गुन्हेकथांच्या एका मासिकात नोकरीला होते. काम काय, तर खून झालेल्यांच्या फोटोंवरचं रक्त रिटच करून पुसायचं. त्यांची तक्रार अशी की पुसण्याआधी ती प्रेतं जास्त मजेदार दिसायची. आमच्या रिटचरला मी हे सांगितलं असतं तर त्यानं त्यांना जेवायला बोलावलं असतं. बाकी माणूस मोठा गमत्या. १९८० साली तिसरं लग्न केलं ते पाळीव प्राण्यांच्या दफनभूमीत.

माझी मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. तिथून ॲडम्स यांचं जन्मगाव वेस्टफील्ड मोटारीनं अर्ध्या तासाच्या आत. २०१७च्या ऑक्टोबरात तिच्याकडे होतो तेव्हा जावयांना म्हटलं, मला तिथलं कब्रस्तान बघायचंय. ते माझ्याकडे बघत राहिले, पण नेलं. माउंटन अव्हेन्यूवर चर्चच्या जुन्या कबरी आहेत. लहानपणी ॲडम्सना तिथे हिंडायला आवडायचं. पातळ, झिजलेले दगड, काही एका बाजूला कललेले. जावई गाडीत हीटर लावून बसले. मी तासभर हिंडलो. भीती वगैरे काही नाही, उलट पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या मागच्या अंगणात आल्यासारखं वाटलं. एका खारीनं दगडावर बसून माझ्याकडे असं पाहिलं की जागा बुक करायला आलायत का.

भगिनींच्या मुलानं उचललेलं पुस्तकही तिथेच भेटलं, मुलीच्या घरी. नात तेव्हा दहा वर्षांची. ते एडवर्ड गोरी यांचं १९६३ सालचं पुस्तक. गोरी शिकागोत १९२५ला जन्मले, केप कॉडला राहून २०००मध्ये वारले, आणि अशी लहान लहान पुस्तकं त्यांनी ढिगानं केली. ह्यात प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक मूल, प्रत्येक मुलाला एक मरण आणि ओळी यमकात. मुखपृष्ठावर काळ्या कपड्यातला सांगाडा छत्री धरून उभा आणि पुढे ही सगळी मुलं, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी. आपल्या दिवाळी अंकांतला यम आठवा: रेडा, मुकुट, पिळदार मिशा, आणि हटकून बायकोला घाबरणारा. त्याची भीती वाटत नाही, त्याचं हसूही आता येत नाही. तो छत्रीवाला मात्र ओळखीचा वाटतो. आमच्या शाळेत त्या चणीचे एक ड्रॉइंग मास्तर होते.

नातीनं वाचून दाखवलं, मी भिंग घेऊन रेघा पाहिल्या. गोरींचं काम पेनाचं, ब्रशचं नाही. बारीक रेघांवर आडव्या रेघा, त्यांवर तिरक्या. भिंतींवरचा कागद, गालिचे, अंधारे जिने, सगळं रेघांनी विणलेलं. पुस्तकात जेवढं छापायचं तेवढ्याच आकारात ते चित्र काढायचे. ज्यानं लाइन ब्लॉक केलेत त्याला ह्याचा अर्थ कळेल. आम्हाला चित्रकार दुप्पट मोठं चित्र देत, म्हणजे लहान करताना हाताचा कंप झाकला जाई. ह्या माणसाला झाकायचं काही नव्हतं. लोकांना वाटतं काळं छापणं सोपं. अहो, काळं तर कोणीही छापेल. दोन रेघांमधली पांढरी फट राखणं, त्यात खरी कसोटी. ॲसिडमध्ये पत्रा जास्त वेळ राहिला तर रेघ खालून पोखरून निघते, यंत्रावर शाई जास्त झाली तर फट भरते, आणि मग चित्राच्या जागी कोळशाचा डाग. गोरींच्या पानावर एकही फट भरलेली नाही.

आणि गोष्टीतही तेच. त्या भगिनींना मी नम्रपणे सांगू इच्छितो की आपण पाहिलेले २६ मृत्यू त्या पुस्तकात नाहीत. पुन्हा उघडून पाहा. जिन्यावरून पडणारी मुलगी अजून हवेत आहे. अस्वलं मुलाच्या मागे येऊन ठेपली आहेत, पण अजून नुसती उभी आहेत. एकाच्या हाती कागदात गुंडाळलेलं पार्सल आहे. फुटेल ते पुढे. गुत्त्यातल्या मारामारीत तुडवली जाणारी मुलगी अजून दारात उभी राहून आत डोकावतेय. सगळीच चित्रं अशी नाहीत, हेही कबूल करतो. एका मुलीला कुऱ्हाड लागलेली आहे आणि ती बर्फात पडलेली आहे, ते बघवत नाही. पण बहुतेक ठिकाणी चित्रकारानं मुलाला दारात आणून उभं केलंय आणि तो बाजूला झालाय. पुढचं तुम्ही केलंत. मीही केलं. तुमच्या हाताला कापरं भरलं ते पुस्तकातल्या चित्रानं नव्हे, तुमच्या डोक्यातल्या चित्रानं. मला वाटतं ह्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझं आवडतं अक्षर एन. तो मुलगा कंटाळ्यानं मरतो. भिंत, खिडकी आणि खिडकीच्या तळाशी फक्त डोळ्यांपर्यंत दिसणारं डोकं. बाकी काही नाही. आमच्या पेठेत दुपारी एक ते चार प्रत्येक दुकानातून हाच मुलगा बाहेर बघत असतो.

नातीला मग आपली बाराखडी शिकवायची टूम निघाली. भिंतीवर लावायला मी इथून तक्ता नेला होता. आपल्याकडे ण आणि ळ ही अक्षरं अडचणीची, त्यांच्यानं शब्द सुरू होत नाहीत, म्हणून तक्त्यावर 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा'. नातीनं एकदा ह्या चौकटीवर, एकदा त्या चौकटीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. मी हसलो, तिची आजी ताटावरून उठून गेली. बाण आणि बाळ ह्यांच्यामध्ये काही झालेलं नव्हतं, हे मी हिला पुष्कळ समजावलं. पटलं नाही.

लहान मुलांच्या हाती असलं काही देऊ नये, हे त्या भगिनींचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. चार-पाच वर्षांच्या पोराला मी ते पुस्तक देणार नाही. पण मग म्हातारी लेकीकडे निघाली आणि वाटेत वाघ भेटला, ही गोष्ट तरी काय आहे? 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.' एक म्हातारी जंगलात उभी राहून स्वतःच्या वजनावर सौदा करतेय. आमची आई ही गोष्ट सांगताना वाघाचा आवाज इतका आपुलकीनं काढायची की वाघच बिचारा वाटायचा. आणि तिच्या चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळा शेवटी तापलेल्या तव्यावर बसायचा. आम्ही भावंडं त्या तव्याचीच वाट पाहत असायचो. आमच्यातला कोणी खुनी निघाला नाही. एक भाऊ इन्कमटॅक्समध्ये गेला, तेवढाच काय तो.

कावळ्यावरून आठवलं. १९७८ साली माझे वडील, नाना, गेले. दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड मांडला, आणि कावळा शिवेना. पाच-सहा कावळे भिंतीवर बसून होते, एकही खाली उतरेना. पाऊण तास झाला. गुरुजी म्हणाले, इच्छा राहिली असेल काही, सांगा. मग सुरू झालं. थोरला म्हणाला, धाकटीचं लग्न थाटात करू. कावळा हलेना. मी म्हणालो, घर विकणार नाही. नाही. आई म्हणाली, माझी काळजी करू नका. नाही. काका म्हणाले, गावच्या देवाला अभिषेक करू. एका कावळ्यानं पाठ फिरवली. शेवटी नानांचे एक छापखान्यातले सोबती पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "नाना, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवाल्याची उधारी आजच्या आज फेडतो." भिंतीवरून कावळा जो सुटला, तो थेट पिंडावर. अमृततुल्यवाले स्वतः मागे उभे होते. ते म्हणाले, "मी काही मागितले नव्हते हो!" आई पदर तोंडाला लावून हसली. नानांच्या मागे ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. उधारी ३८ रुपये निघाली.

कावळ्यावरच्या हास्यचित्रांचे ब्लॉक मी डझनानं केलेत. दर दोन-तीन वर्षांनी कुठल्यातरी दिवाळी अंकात पिंड आणि कावळा असायचेच. तेवढा एक दरवाजा आपल्या व्यंगचित्रकारांनी उघडा ठेवला होता. एरवी आपला बिनशब्दांचा विनोद प्रेमळ. शि. द. फडणीसांची चित्रं घ्या. त्यांतही एक अक्षर नसतं, त्यांतही पुढचं आपण पुरवतो, पण जे पुरवतो त्यानं कोणाला इजा होत नाही. ते थोरच आहे. माझी कुरकुर एवढीच की मरणाच्या खोलीत आपण कावळ्याला पुढे करून स्वतः बाहेर उभे राहिलो.

असला विनोद ज्यांनी काही भोगलं नाही ते करतात, असाही एक सूर त्या पत्रात होता. म्हणून रोनाल्ड सर्ल यांचं नाव घेतो. केंब्रिजमध्ये १९२०ला जन्मलेला हा चित्रकार १९४२मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत गेला. चांगीचा तुरुंग, मग सयाम-ब्रह्मदेश रेल्वेची वेठबिगारी. तिथे तो मरणाऱ्या सोबत्यांची चित्रं काढत राहिला. ती लपवायची कुठे, तर कॉलऱ्यानं मरत असलेल्यांच्या गाद्यांखाली, कारण पहारेकरी तिथे हात घालत नसत. १९४५ला सुटला. घरी येऊन त्यानं काय काढलं? मुलींच्या एका शाळेची व्यंगचित्रं. त्या शाळेचं पहिलं चित्र कैदेच्या आधीच, १९४१मध्ये छापून आलं होतं, पण कैदेनंतर त्या मुली जाळपोळ करायला लागल्या, मारेकरी झाल्या. एका चित्रात बाई एका मुलीला शाबासकी देतायत, कारण तिनं ओळखलेली वनस्पती खरोखरच विषारी निघाली. सगळ्या इंग्लंडनं ती पुस्तकं विकत घेतली. युद्धातून आलेल्या बापांनी आपल्या पोरींना दिली असणार. १९६९च्या शेवटी सर्ल यांच्या पत्नीला कॅन्सर झाला. केमोथेरपीच्या प्रत्येक खेपेला त्यांनी तिला एक चित्र काढून दिलं, एकूण ४७. त्यांत आहे जमिनीखाली बिळात राहणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याची एक बाई. ती आपल्या घरात आनंदानं वावरतेय, फुलं लावतेय. मरण नाही, खून नाही, काही नाही. सर्लबाई बऱ्या झाल्या आणि पुढे चाळीसेक वर्षं जगल्या. काळं कुठे थांबवायचं ते त्या माणसाला कळत होतं, एवढंच मी ब्लॉकमेकर म्हणून सांगू शकतो.

मला ज्याची शिसारी येते ते वेगळं आहे, आणि ते पुस्तकात नसतं, मोबाइलवर येतं. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकानं अपघाताचा व्हिडिओ टाकला, खाली हसून रडणारे चेहरे. एक खरा माणूस, त्याचा खरा हेल्मेट. ह्यात फट कुठे आहे? सगळं भरून टाकलंय. बघणाऱ्याला काही करायचं उरत नाही, फक्त आपण वाचलो म्हणून खिदळायचं. मी खाली लिहिलं की ह्या माणसाच्या घरचे आज फोटो शोधत असतील. दोघांनी अंगठा दाखवला, एकानं ग्रुप सोडला. त्या भगिनींनी ह्यावर पत्र लिहिलं तर मी खाली सही करेन.

पत्र फार लांबलं. आपण कात्री लावाल हे माहीत आहे. कावळा तेवढा ठेवावा.

जाता जाता एक चौकशी. १९८४ साली दुकानात मंदी होती तेव्हा मी स्वतःच्या फोटोचा एक ब्लॉक करून ठेवला आहे. सिंगल कॉलम, ६५ची जाळी, खास वर्तमानपत्रासाठी. वेळेवर धावपळ नको आणि खांद्यावर कोणाचा हात नको, म्हणून. परवा नातीच्या आग्रहानं त्याला स्टॅम्पपॅडची शाई लावून कागदावर ठसा काढला. नाक जरा भरलं, बाकी उत्तम. बायकोचं म्हणणं, पस्तिशीतला फोटो लावलात तर भेटायला येणारे दार चुकतील. म्हणून आपल्या कार्यालयात फोन करून विचारलं की ब्लॉक घेता का. जाहिरात विभागातली मुलगी मोठी नम्र होती. म्हणाली, काका, ब्लॉक म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण जेपेग पाठवा, चालेल. मग विचारलं, कुठल्या तारखेला लावायचंय? कळवतो म्हटलं.

आपला,
एक निवृत्त ब्लॉकमेकर
शुक्रवार पेठ, पुणे
(नाव छापू नये. ते पुढे यायचंच आहे.)